समुद्रातले सायनोबॅक्टेरिया नाशिकला आणताय? या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रकल्पांचे विषय ठरायला लागले की दोन-तीन मुलं तरी येऊन म्हणतात, "मॅडम, समुद्रातल्या सायनोबॅक्टेरियावर काम करायचंय." सायनोबॅक्टेरिया म्हणजे वनस्पतींसारखे उजेडावर अन्न बनवणारे निळे-हिरवे जिवाणू. मला मनापासून आनंद होतो. महिन्याभराने तीच मुलं पिवळे पडलेले फ्लास्क घेऊन दारात उभी असतात. कारणं दरवर्षी तीच, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

सगळ्यात जास्त नमुने वाटेत मरतात. एका मे महिन्यात आम्ही डहाणूला ओहोटीच्या वेळी खडकांवर उतरलो होतो. खडकांना काळपट हिरवी, केसांसारखी लव चिकटलेली होती. चिमूटभरच घ्या, असं मी सांगितलं होतं. एका मुलाने लिटरच्या दोन बाटल्या गळ्यापर्यंत ठासून भरल्या, झाकणं घट्ट लावली आणि जीपमध्ये मागे टाकल्या. जव्हार, मोखाडा, त्र्यंबक करत नाशिकला पोहोचायला संध्याकाळ झाली. बाटली उघडली तर सडक्या अंड्यांचा भपकारा आणि पाणी गुलाबी-जांभळं. "मॅडम, नवीन रंगद्रव्य मिळालं!" तो इतका खूश होता की मला खरं सांगवेना.

तो रंग पेशींत आधीपासूनच असणाऱ्या फायकोएरिथ्रिन या लाल रंगद्रव्याचा होता. हे प्रथिन पाण्यात विरघळतं, पण पेशी धड आहे तोवर आतच राहतं. पेशी फुटली की पाण्यात उतरतं. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे मेलेला गोळाही हिरवाच दिसतो आणि माणूस फसतो. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबलेलं, श्वसन मात्र चालू. बाटलीतला ऑक्सिजन संपला, सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचं फावलं, म्हणून तो वास.

माझी सवय सांगते. रुंद तोंडाची बाटली, नखाएवढा तुकडा, तो जेमतेम बुडेल एवढं तिथलंच समुद्राचं पाणी, वर भरपूर हवा. बाटलीला ओलं फडकं गुंडाळायचं, बर्फात खुपसायची नाही. रात्रीचे बारा वाजले तरी त्याच दिवशी नमुना पेट्री डिशमध्ये पसरायचा. "उद्या सकाळी बघू" म्हणणाऱ्याला मी पुढच्या वेळी नेत नाही. हातमोजे मात्र हवेतच. या गटातल्या काही जातींमधल्या लिंग्बियाटॉक्सिन या विषाने कातडी भाजल्यासारखी होते.

माध्यमाचं, म्हणजे ज्या क्षारांच्या द्रावणात यांना वाढवायचं त्याचं, थोडक्यात. नुसतं बीजी-११ गोड्या पाण्यातल्यांसाठी ठीक, समुद्रातल्यांना एएसएन-३ द्या, त्यात लिटरमागे २५ ग्रॅम सोडियम क्लोराईड असतं. स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठ नको, नळाचं क्लोरीनचं पाणी नको. फॉस्फेट वेगळं निर्जंतुक करून गार झाल्यावर मिसळा, नाहीतर तळाशी साका बसतो. फ्लास्क खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, मंद ट्यूबलाइट पुरते. आणि नाशिकच्या जानेवारीत टेबलावरचं कल्चर, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढवलेले जिवाणू, गारठून थांबतं, त्याला "मेलं" म्हणून ओतून देऊ नका.

दुसरी चूक मला जास्त छळते. कल्चर धड वाढलेलं नसतं आणि अर्क काढून कर्करोगाच्या पेशींवर टाकायची घाई. पेशी मेल्या की "औषध सापडलं". अहो, पण ते बनवलं कुणी? तुमच्या सायनोबॅक्टेरियाने, की त्याच्या आवरणावर राहणाऱ्या शंभर इतर जिवाणूंनी? कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या डोलास्टॅटिन-१० या रसायनाचं उदाहरण मी दर बॅचला सांगते. १९८७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली तेव्हा ते समुद्री सशाचं, म्हणजे एका मऊ शरीराच्या गोगलगायीचं, रसायन मानलं गेलं. २००१ मध्ये तेच रसायन पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांजवळच्या समुद्रातल्या सिम्प्लोका या सायनोबॅक्टेरियात थेट मिळालं. गोगलगाय ते खाऊन अंगात साठवत होती. त्याच्याच धर्तीवर बनवलेला रेणू प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) जोडून ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन हे औषध तयार झालं आणि २०११ मध्ये अमेरिकेत हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगासाठी त्याला मंजुरी मिळाली. १९८७ ते २०११, चोवीस वर्षं. तुमचा प्रकल्प एका सत्राचा आहे. त्या सत्रात सायनोबॅक्टेरियाचा एक तंतू इतर जिवाणूंपासून स्वच्छ वेगळा करून दाखवलात तरी मी पैकीच्या पैकी गुण देईन.

तो वेगळा करायलाही अँटिबायोटिकचा मारा पहिल्याच दिवशी नको. बरेचसे तंतुमय प्रकार सरपटतात, उजेडाकडे जातात. त्यांना ते करू द्या. अगरच्या, म्हणजे जेलीसारख्या घट्ट माध्यमाच्या, प्लेटच्या मध्यावर बारीक तुकडा ठेवा, प्लेट काळ्या कागदात गुंडाळा आणि एका कडेला काडीएवढी फट ठेवा. दोन-तीन दिवस हात लावू नका. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. गोळ्याभोवती जिवाणूंचा दुधी थर तसाच असतो आणि त्यातून एखाद-दुसरा हिरवा तंतू फटीच्या दिशेने एकटाच बाहेर आलेला दिसतो. त्याच्या टोकाजवळचा अगर सुईने कापा आणि नव्या प्लेटवर ठेवा. माझ्याकडे हे पाच-सहा वेळा करावं लागतं, कधी आठ.