मूळव्याधीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेताय? या चुका टाळा

काउंटरवर रिकामी स्ट्रिप ठेवून काका हळूच म्हणाले, "हीच द्या, दोन पाकिटं." बाजूला कुणी ऐकू नये म्हणून आवाज खाली. रक्त पडतंय का, विचारलं तर मान हलवली. कधीपासून? "दिवाळीपासून असेल." तेव्हा शिमगा आठवड्यावर आला होता.

मेडिकलमध्ये ही गोष्ट मला नेहमी दिसते आणि दर वेळी काळजी वाटते. त्या स्ट्रिपवर डायोस्मिन ४५० मिलिग्रॅम आणि हेस्पेरिडिन ५० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. हेस्पेरिडिन संत्र्या-लिंबाच्या सालीतलं द्रव्य, बायोफ्लॅव्होनॉइड. डायोस्मिनही बहुधा त्यापासूनच तयार करतात. सैल पडलेल्या शिरा जरा घट्ट होतात, सूज उतरते, मूळव्याधीचा ठणका आणि रक्त कमी होतं. औषध चांगलंच आहे. पण मूळव्याध मुळापासून जात नाही, आणि रक्त मूळव्याधीचंच आहे हे गोळी सांगत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही शौचावाटे रक्त जातं. म्हणून रक्त वारंवार पडत असेल, वजन उतरत असेल, पोटाची सवय बदलली असेल, दम लागत असेल किंवा शौच डांबरासारखी काळी होत असेल, तर आधी तपासणी. लाज वाटते हे मला समजतं, पण डॉक्टरांसाठी हे रोजचंच काम आहे. काकांना मी एवढंच सांगितलं आणि गोळ्या त्या दिवशी दिल्या नाहीत.

दुसरी चूक डोसची. अचानक उठलेल्या मूळव्याधीला ५०० च्या (४५० अधिक ५० मिलिग्रॅम) गोळ्या साधारणपणे पहिले चार दिवस रोज सहा आणि पुढचे तीन दिवस रोज चार अशा विभागून, जेवणानंतर देतात. दिवसाला एकच घेऊन "गुण नाही" म्हणणारे बरेच भेटतात. आता १००० ची गोळीही मिळते, त्यामुळे जुना हिशेब नव्या स्ट्रिपला लावू नका. मळमळ, जुलाब किंवा डोकेदुखी झाली तर कळवा. आठवड्यात फरक नाही पडला तर परत डॉक्टरांकडे. आणि शौचाला मोबाइल घेऊन बसणं, कुंथणं चालूच असेल तर गोळी काय करणार? भाजी, पाणी, इसबगोल हवंच.

पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी याच ५०० च्या रोज दोन गोळ्या असतात. तिथे दोन-तीन दिवसांत फरक शोधू नका, आठवडे लागतात. मात्र एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून गरम झाली तर ती रक्ताची गाठ असू शकते. चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट इमर्जन्सी.

रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, ऑपरेशन ठरलं असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर विचारल्याशिवाय सुरू करू नका.

वजन कमी करण्याच्या पावडरीत "सिट्रस" (संत्र्या-लिंबाच्या जातीचं फळ) दिसलं की लोक ते हेच औषध समजतात. त्यात कडू संत्र्याचा अर्क असेल तर सिनेफ्रिन असतं. त्याने नाडी आणि बीपी वाढू शकतं. ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनस हा वेगळाच मामला. त्यांतल्या फ्युरॅनोकुमारिन नावाच्या द्रव्यांमुळे कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. भाद्रपदात घरी पपनस आलं की आपल्या गोळ्यांची नावं दाखवून एकदा विचारून घ्या.