राजकीय बातम्यांनी झोप उडते तेव्हा काय करावं

"बातम्या बघूच नकोस" हा सल्ला मला आजवर वीसेक जणांनी दिला असेल. त्यातल्या एकालाही तो स्वतःला पाळता आलेला मी पाहिला नाही. "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. एका मैत्रिणीच्या आग्रहाने मी इगतपुरीला दहा दिवस मौनातही बसून आले. दिवस छान गेले. परतताना फोन हातात पडला आणि गाडी कसारा घाट उतरतेय, रेंज जातेय-येतेय, तेवढ्यात मी दहा दिवसांचं साचलेलं राजकारण वाचून काढलं. ठाण्याला उतरले तेव्हा छातीत पूर्वीइतकीच धडधड.

नोटिफिकेशन बंद करणं, रात्री फोन उशाशी न ठेवणं, चर्चा-भांडणांचे चॅनल काढून टाकणं, हे तुम्ही केलेलं आहे असं धरून चालते. केलं नसेल तर आत्ता करा, मी थांबते.

आधी शरीर

बातमी वाचून हातपाय गार पडले तर त्या क्षणी विचार करायला बसू नका. पाणी प्या. श्वास घ्यायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ घेऊन सोडा, असं आठ-दहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, त्याचा फायदा घ्यायचा. मग जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन या. मात्र छातीत दुखत असेल, हातात कळ येत असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर "टेन्शन आहे, जाईल" म्हणत घरी बसू नका. आधी दवाखाना आणि ईसीजी.

बातमीला वेळ बांधून द्या

माझं बिनसलं ते २३ नोव्हेंबर २०१९च्या सकाळी. दारात पडलेल्या पेपरात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार म्हणून मथळा, आणि टीव्हीवर देवेंद्र फडणवीस शपथ घेतायत, सोबत अजित पवार. त्या दिवसापासून छापलेल्या ओळीवरचा माझा विश्वासच उडाला. वाटायला लागलं, आपण दहा मिनिटं नजर काढली की राज्य बदलणार. भांडुप ते सीएसएमटीच्या स्लो गाडीत पाच-पाच मिनिटांनी फोन बघायचे.

आता पुढे काय झालं ते आठवा. २६ तारखेला ते सरकार गेलं आणि २८ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकऱ्यांचा शपथविधी झाला. म्हणजे ते पाच दिवस मी गावी, बिनरेंजच्या घरात असते, तर २३ तारखेचा पेपर मला खराच वाटला असता. हे लक्षात यायला मला पुढची चार वर्षं लागली.

दुसरा हिशेब मी नंतर कालनिर्णय घेऊन केला. २१ जून २०२२ला शिवसेनेचे काही आमदार सुरतेत असल्याचं कळलं. २९ला मुख्यमंत्र्यांचा राजीनामा, ३०ला एकनाथ शिंदे यांचा शपथविधी, ४ जुलैला बहुमताची चाचणी, १७ फेब्रुवारी २०२३ला नाव आणि चिन्हाबद्दल निवडणूक आयोगाचा आदेश, ११ मेला सुप्रीम कोर्टाचा निकाल, १० जानेवारी २०२४ला विधानसभा अध्यक्षांचा निर्णय. साडेअठरा महिन्यांत या प्रकरणातल्या खरोखर काही घडलेल्या तारखा मला सात सापडल्या. आणखी दोन-चार तुम्ही घाला, माझी हरकत नाही. उरलेले साडेपाचशे दिवस "आज फैसला?" होतं. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर ती बातमी नाही, ती वाट बघायला लावण्याची युक्ती आहे.

म्हणून माझी पद्धत अशी. सकाळी सात-पाचला आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या, दहा मिनिटं. रेडिओ नसेल तर फोनवर ऐकता येतात. रेडिओला चेहरे दिसत नाहीत आणि मागे ढणढणाट नसतो, हे फार मोठं सुख आहे. सकाळचा पेपर मी संध्याकाळी परतीच्या गाडीत वाचते. तोवर त्यातलं अर्धंअधिक निवलेलं असतं. रात्री आठनंतर काही नाही. कोर्टाची पुढची तारीख, मतदान, मतमोजणी हे कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवायचं. त्या दिवशी हवं तेवढं बघा, एरवी नाही.

वही

इथे मी दीड वर्ष अडकले होते, म्हणून इथे जरा दमाने वाचा.

"चिंता कागदावर उतरवा" असं सगळेच सांगतात. काय उतरवायचं ते कुणी सांगत नाही. पहिले काही आठवडे मी जे लिहिलं ती भाषणं होती. "यांना लाज कशी वाटत नाही" इथपासून सुरुवात, मग फुलस्केपची तीन-तीन पानं, समोर काल्पनिक विरोधक. लिहून झाल्यावर डोकं हलकं व्हायच्या ऐवजी कानशिलं तापलेली. मग कुणीतरी दोन रकाने सुचवले, आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं. उजवा रकाना पानभर भरला. डाव्यात एकच शब्द, मतदान. तोही पाच वर्षांतून एकदा. असला कागद बघून कुणाला बरं वाटेल? हे दोन रकाने ज्याने शोधले त्याने ते बहुधा ऑफिसच्या कामासाठी शोधले असावेत.

जे लागू पडलं ते असं. मनात जे घोळतंय ते एका वाक्यात लिहायचं. त्याखाली लिहायचं, "म्हणजे काय?" उत्तर एका ओळीत. पुन्हा "म्हणजे काय?" असं खाली उतरत जायचं. थांबायचं कुठे? जिथे तुमच्या ओळखीचं माणूस येईल, किंवा चालत जाता येईल अशी जागा येईल, तिथे. त्याआधी थांबलात तर तुम्ही अजून टीव्हीचीच भाषा लिहिताय.

माझं सप्टेंबर २०२३चं पान सांगते. गणपती नुकतेच गेले होते.

या राज्याचं काही खरं नाही. म्हणजे काय? कोणीही उठून कुठेही जातं, शब्दाला किंमतच उरली नाही. म्हणजे काय? विश्वास कुणावर ठेवायचा? म्हणजे काय? जी माणसं आपली वाटायची ती... इथे पेन थांबलं. दोन दिवस पुढे काही सुचेना. तिसऱ्या दिवशी लिहिलं, "यंदा दादा गणपतीला आला नाही."

आमचे बाबा रोज संध्याकाळी शिवसेनेच्या शाखेत बसायचे. दादा आणि मी त्याच वातावरणात वाढलो. २०२२ला शाखेत जे झालं तेच आमच्या घरात झालं, दादा एका बाजूला, मी दुसऱ्या. कोण कुठे ते सांगणार नाही, कारण वाचणारा लगेच बाजू घेईल आणि हा लेख तिथेच संपेल. त्या वर्षीच्या गणपतीत, मोदकांचं ताट समोर असताना, आम्ही एकमेकांना नको ते बोललो. त्यानंतर वर्षभर फोन नाही. आणि ते वर्षभर मी रात्री दोन वाजता छतावरच्या पंख्याकडे बघत जिला राज्याची चिंता म्हणत होते, तिच्यातली निम्मी दादाची होती.

निम्मी म्हणतेय. उरलेली निम्मी राज्याचीच होती आणि ती अजून आहे. ती पूर्ण नाहीशी करून देतो असं सांगणारा तुम्हाला काहीतरी विकायला आलेला असतो.

प्रत्येकाची शेवटची ओळ घरगुतीच निघेल असंही नाही. आमच्या लेडीज डब्यातल्या एकीची "देश बुडाला"पासूनची साखळी येऊन थांबली ती मुलाच्या रखडलेल्या सरकारी भरतीपाशी. आमच्या मजल्यावरच्या एका बाईंची शेवटची ओळ होती, "मुलगा भाड्याने घर बघायला जातो तेव्हा त्याला आधी आडनाव विचारतात." अशा ओळीसमोर "जास्त विचार करू नका" म्हणणं हा त्या बाईंचा अपमान आहे. तिथे श्वासाचे व्यायाम पुरत नाहीत. सोबतीला कोणीतरी लागतं, घर बघायला जाताना बरोबर येणारं.

आता ताकिदी, सगळ्या अनुभवाच्या. वही कागदाचीच हवी. फोनवर लिहायला गेलात तर बातम्या बोटभर अंतरावर असतात. रात्री दहानंतर वही उघडायची नाही. त्या वेळी कुठल्याही वाक्याला "म्हणजे काय" विचारलं तरी ते स्मशानातच जाऊन पोचतं. मी एकदा रात्री एकला बसले आणि पहिली लोकल सुटेपर्यंत रडत होते. मी डाळीचा कुकर लावते तेव्हा ओट्याशी उभ्याने लिहिते. कुकर उतरवायची वेळ झाली की वही बंद, वाक्य अर्धं असलं तरी. वाक्याची सुरुवात एखाद्या नेत्याच्या नावाने झाली तर पान फाडा, ते भाषण आहे. "म्हणजे काय?" हा प्रश्न पोलिसासारखा दरडावून विचारायचा नाही. शेजारीण भाजी निवडता निवडता विचारते तसा विचारायचा. आणि वही कोणाला दाखवू नका. आमच्या ह्यांनी एकदा वाचून मला मुद्देसूद उत्तरं दिली होती, एक ते सात. त्यानंतर वही डाळीच्या डब्यामागे गेली.

शेवटच्या ओळीला काम द्या

माणूस निघालं असेल तर फोन करा. मेसेज नको, मेसेजवर पुन्हा भांडण होतं. आणि राजकारणाने सुरुवात करू नका, माफीनेही नको. मी दादाला विचारलं, "पितृपक्षात बाबांची तिथी कधी येतेय?" खरं तर मला माहीत होती. तो म्हणाला, "विसरलीस होय गं?" मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मग म्हणाला, "ये. वहिनी खीर करणारच आहे." पक्ष या शब्दावरचा विनोद त्यानेच जेवताना केला, मी नाही.

जागा निघाली असेल तर एक काम घ्या, एकच. मतदार यादीत नाव तपासा. घर बदललं असेल तर अर्ज क्रमांक ८, मुलगी अठराची झाली असेल तर ६. गल्लीत पाणी तुंबलं किंवा झाड पडलं तर मुंबई महापालिकेचा १९१६ हा फोन नंबर. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. अर्जात "का" विचारू नका, कागद मागा, कामाच्या आदेशाची प्रत, खर्चाचा तपशील. आमच्या गल्लीतल्या उघड्या गटारासाठी मी एका कार्यालयात असा अर्ज दिला. उत्तर सत्ताविसाव्या दिवशी आलं, तेही अर्धवट. तरी त्या रात्री मी सलग सहा तास झोपले. सह्यांच्या ऑनलाइन मोहिमा, "दहा जणांना पाठवा" वगैरे मात्र कामात धरू नका.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडू नका, फक्त आवाज बंद करा. बाहेर पडलात तर पुढच्या तीन लग्नांत स्पष्टीकरण देत बसाल.

एवढ्याने भागलं नाही तर

दोन आठवडे झोप किंवा जेवण ताळ्यावर नसेल, कामात मन लागत नसेल, तर वहीच्या भरवशावर राहू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुंबईत केईएम, नायर, सायन या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. आणि जगणंच नको असा विचार मनात येऊन गेला असेल तर उद्यावर टाकू नका. आत्ता फोन करा, आणि घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून ठेवा.

मतमोजणीचा दिवस

हा दिवस सगळ्यांचा जीव काढतो, आणि उगाच काढतो. मोजणी सकाळी आठला सुरू होते, आधी टपाली मतं. दुपारपर्यंतचे कल वर-खाली होतच राहतात आणि चॅनलवाल्यांना तेच हवं असतं. निवडणूक आयोगाच्या निकालांच्या साइटवर चार वाजता एकदा बघा, चित्र बरंचसं कळतं. प्रश्न असतो आठ ते चार हातांचं काय करायचं.

वाल सोला. कडवे वाल, अर्धा किलो. दोन दिवस आधी सकाळी भिजत घाला, रात्री फडक्यात बांधा. मोजणीच्या सकाळी मोड आलेले असतात, ते कोमट पाण्यात टाकून सोलायला बसा. बोटं ओली असली की फोन हातात घेता येत नाही, हा या कृतीतला खरा मसाला.

२३ नोव्हेंबर २०२४ला शनिवार होता, म्हणजे मासळीचा प्रश्नच नव्हता. मी वालांचं पातेलं घेऊन कल्याणला दादाकडे गेले. शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता. एकदा फटाकेही वाजले. आम्ही दोघांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. दादा वाल फार दाबून सोलतो, दर चौथ्या दाण्याची डाळ करून टाकतो. पण ते मी त्या दिवशी बोलले नाही.