यूकेत कॉन्ट्रॅक्टवरचा फोन अपग्रेड करताय? आधी बेरीज करा

नेटवर्कचा मेसेज येतो की तुम्ही आता अपग्रेडला एलिजिबल आहात, सोबत नव्या फोनचा चकचकीत फोटो, आणि आपण लगेच ॲप उघडून कलर कुठला घ्यायचा ते बघायला लागतो. थांबा जरा. तो मेसेज त्यांच्या सोयीने आलेला असतो, तुमच्या नाही. इथे यूकेत जुन्या गिऱ्हाइकाला चांगला भाव आपणहून कोणी देत नाही, चांगला भाव असतो तो नव्या गिऱ्हाइकाला, नाहीतर जो निघालाय त्याला. त्यामुळे सगळा खेळ एकच, आपण निघू शकतो हे आपल्याला माहीत पाहिजे आणि त्यांनाही कळलं पाहिजे.

सगळ्यात आधी तुमचं कॉन्ट्रॅक्ट नक्की कधी संपतंय ते बघा. ऑफकॉमच्या (इथल्या फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे कॉन्ट्रॅक्ट संपायच्या १० ते ४० दिवस आधी कंपनीने तुम्हाला तसं कळवावंच लागतं (हे २०२० पासून आहे), पण तो ईमेल बहुतेकांचा प्रमोशनच्या ढिगात जातो आणि मग संपलेल्या कॉन्ट्रॅक्टवर महिनोन् महिने तेच बिल भरत बसतात लोक. ईमेल सापडत नसेल तर फोनवरून ८५०७५ ला इंग्रजीत फक्त आय-एन-एफ-ओ एवढा मेसेज टाका, फुकट आहे, लगेच ऑटोमॅटिक उत्तर येतं, आत्ता सोडलं तर किती पैसे भरावे लागतील ते त्यात असतं. उत्तरात शून्य आलं की तुम्ही मोकळे. मोठा आकडा आला तर नवीन फोनचा विषय तिथेच बाजूला ठेवा, कारण "अर्ली अपग्रेड" म्हणजे काय तर बहुतेक वेळा उरलेले हप्ते तुम्हीच भरायचे, फक्त दुसऱ्या नावाने.

आता बेरीज. फोन आणि सिम या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा, दुकानदार त्या एकत्र बांधून देतो म्हणून आपल्याला "महिन्याला अमुक" एवढंच दिसतं. समजा (आकडे नुसते उदाहरणाला घेतलेत, खरे भाव सारखे बदलतात) नेटवर्क म्हणतंय ४९ पाउंड आधी भरा आणि महिना ३९ पाउंड, २४ महिने. म्हणजे ९३६ आणि ४९, झाले ९८५. पण थांबा, एप्रिलमधली वाढ राहिली की. दर एप्रिलला अडीच पाउंड वाढणार असं लिहिलं असेल आणि तुम्ही ऑक्टोबरात घेतलंत तर पहिले ६ महिने जुना भाव, मग १२ महिने अडीच जास्त, शेवटचे ६ महिने पाच जास्त, असे अजून ६० पाउंड. एकूण १०४५. आता तोच फोन दुकानात सुटा ५९९ ला मिळत असेल आणि ८ पाउंडांचं सिम-ओन्ली (फोनशिवाय नुसतं सिम) घेतलंत तर २४ महिन्यांचे १९२ धरून ७९१. फरक २५४ पाउंडांचा, म्हणजे सीझन नसताना भारताचं एका बाजूचं तिकीट निघू शकतं त्यात.

यावर नेहमीचा प्रश्न, एकदम ५९९ कुठून आणायचे? बरोबर आहे. पण बऱ्याच ठिकाणी हँडसेट शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यावर मिळतो, २४ महिन्यांवर महिना साधारण २५ पडतो, त्यात सिमचे ८ टाकले तरी ३३, ३९ नाहीच. फक्त ते खरंच शून्य टक्के आहे का ते बघा. आणि एकरकमी घेणार असाल तर क्रेडिट कार्डवर घ्या, १०० पाउंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या वस्तूला कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या सेक्शन ७५ चं संरक्षण मिळतं, दुकान बुडालं किंवा फोन आलाच नाही तर कार्ड कंपनीकडे पैसे मागता येतात. महिन्याच्या महिन्याला कार्ड फेडायचं मात्र, नाहीतर वाचवलेलं सगळं व्याजात जाईल.

कॉन्ट्रॅक्ट नेहमीच महाग पडतं असंही नाही हां. नवीन मॉडेल यायच्या तोंडावर, म्हणजे आयफोनसाठी सप्टेंबर आणि गॅलॅक्सी एससाठी जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास, आधीचं मॉडेल काढून टाकायला आणि ब्लॅक फ्रायडेला कधी कधी असा भाव लावतात की सुट्या फोनपेक्षा कॉन्ट्रॅक्ट स्वस्त पडतं. म्हणून म्हणतोय बेरीज करा, अंदाजाने जाऊ नका.

भाववाढीचं थोडं सविस्तर सांगतो कारण यात लोक फसतात. पूर्वी "महागाई दर अधिक ३.९ टक्के" असलं काहीतरी बारीक अक्षरात असायचं आणि वाढ किती होणार ते सही करताना कोणालाच माहीत नसायचं. १७ जानेवारी २०२५ पासून घेतलेल्या कॉन्ट्रॅक्टला ते चालत नाही, वाढ किती पाउंड-पेन्स आणि कधीपासून ते आधीच सांगावं लागतं. त्याआधी घेतलेलं असेल तर जुनीच अट लागू. आता गंमत बघा, वाढ ठरावीक पाउंडात असली की महागड्या प्लॅनला फार जाणवत नाही पण १० पाउंडांच्या सिमला अडीच पाउंडांची वाढ म्हणजे २५ टक्के होते! म्हणून सिम-ओन्ली घेताना एक महिन्याचं, कधीही सोडता येणारं घ्या, वाढवला भाव की आपण दुसरीकडे.

छोट्या ब्रँडना लोक उगाच घाबरतात. गिफगॅफ, टेस्को मोबाइल, स्काय मोबाइल हे ओटू या मोठ्या नेटवर्कच्या टॉवरवर चालतात, लेबारा आणि व्हॉक्सी व्होडाफोनच्या, स्मार्टी आणि आयडी मोबाइल थ्रीच्या. (व्होडाफोन आणि थ्री २०२५ मध्ये एकच कंपनी झाल्यात, तो भाग वेगळा.) सिग्नल त्याच टॉवरचा. दोन गोष्टी तेवढ्या तपासा, वाय-फाय कॉलिंग आहे का, कारण इथल्या जुन्या विटांच्या घरात आतल्या खोलीत रेंज मरते, आणि युरोपात रोमिंगचे पैसे लागतात का, ब्रेक्झिटनंतर बऱ्याच कंपन्यांनी ते परत लावलेत. भारतात रोमिंगवर डेटा वापरायचा विचारही करू नका, तिकडे गेल्यावर तिकडचं सिम. लेबाराच्या बऱ्याच प्लॅनमध्ये भारतात कॉल करायला मिनिटं मिळतात, व्हॉट्सॲपच्या जमान्यात कशाला असं वाटेल पण तिकडच्या बँकेच्या कस्टमर केअरला अर्धा तास होल्डवर थांबायला लागलं की त्याची किंमत कळते.

आता फोनवरची घासाघीस. आधी दोन-तीन कंपॅरिझन साइटवरून तुम्हाला हव्या त्या फोनचा सगळ्यात स्वस्त एकूण आकडा कागदावर लिहून ठेवा, मासिक नाही, एकूण. मग कस्टमर केअरला फोन करून मेनूत "अपग्रेड" नाही, "सोडायचा विचार करतोय" तो पर्याय दाबा, कारण खरे डिस्काउंट देण्याचा अधिकार त्या डिपार्टमेंटला असतो. समोरचा आधी विचारेल का सोडताय, तुम्ही शांतपणे म्हणायचं, "इतकी वर्षं तुमच्याकडे आहे, पण हाच फोन दुसरीकडे दोन वर्षांचे धरून मला ७९१ ला पडतोय, तुमचा १०४५ होतोय, तुम्ही कुठपर्यंत येऊ शकता?" आणि मग गप्प. हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही, आपणच मधे बोलून "बरं थोडं जास्त चालेल" म्हणतो. तो डेटा वाढवून देतो म्हणेल, १०० जीबी, अनलिमिटेड, सहा महिने कसलं तरी सबस्क्रिप्शन फुकट. तुम्ही महिन्याला किती जीबी वापरता ते आधीच सेटिंगमध्ये बघून ठेवलेलं असेल (घरी-ऑफिसात वाय-फाय असताना बहुतेकांचं फारच कमी निघतं) तर या आमिषाला भुलणार नाही. चिडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, नाही जमलं तर थँक्यू म्हणून ठेवायचा आणि एक-दोन दिवसांनी परत करायचा, वेगळा माणूस, वेगळा मूड. आणि जे कबूल करतील ते ईमेलवर मागा.

तरी नाही ऐकलं तर निघा, २०१९ पासून हे एकदम सोपं झालंय. ६५०७५ ला पी-ए-सी असा मेसेज टाकला की पॅक कोड (नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा कोड) येतो, ३० दिवस चालतो, नव्या कंपनीला दिला की एका वर्किंग डेमध्ये तुमचा तोच नंबर तिकडे जातो आणि जुनं कॉन्ट्रॅक्ट आपोआप बंद, वेगळी नोटीस नाही. कोड नुसता मागितला म्हणून काही तुटत नाही, पण बऱ्याचदा तो मागितल्यावरच जुन्या कंपनीचा गोडगोड फोन येतो! त्याच नेटवर्कवर पण नव्या गिऱ्हाइकाच्या भावात राहायचं असेल तर नंबर आधी दुसऱ्या कुठल्या तरी स्वस्त पे-ॲज-यू-गो (प्रीपेड) सिमवर न्या, आणि तिथून परत नवीन गिऱ्हाईक म्हणून या. खटाटोप आहे, पण फरक शंभरच्या वर असेल तर वर्थ आहे.

काही कंपन्या फोनचं कर्ज आणि सिमचा प्लॅन वेगळे ठेवतात, फोनचं कर्ज ३६ महिन्यांपर्यंत ताणतात, म्हणून महिन्याचा आकडा छोटा दिसतो. तिथे सोडून जाताना फोनची उरलेली रक्कम एकदम भरायला लागू शकते, अट वाचून घ्या. कॅशबॅकवाल्या डीलमध्ये "रिडेम्प्शन" शब्द दिसला की दूरच राहा, ठरावीक महिन्यांनी बिलं पाठवून पैसे मागायचे असतात, एक तारीख चुकली की गेले. आणि शक्यतो ऑनलाइन घ्या, १४ दिवसांत परत करायचा कायदेशीर हक्क मिळतो (मधे वापरलेल्याचे पैसे कापतात), दुकानात जाऊन घेतलं तर तो हक्क नाही, दुकानाच्या मर्जीवर.

जे नुकतेच पुण्या-मुंबईहून आलेत त्यांना कॉन्ट्रॅक्ट नाकारलं तर वाईट वाटून घेऊ नका, इथे तुमची क्रेडिट हिस्ट्रीच नसते. आणि चार ठिकाणी लागोपाठ अर्जही करू नका, प्रत्येक अर्जाची नोंद राहते. सहा-आठ महिने सिम-ओन्ली वापरा, आणि मतदार यादीत नाव घाला. हो, भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन राहत असलात तरी, कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथे मतदानासाठी नाव नोंदवता येतं, आणि पत्त्याची खात्री पटल्याने क्रेडिट स्कोअरला मदत होते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

फोन नेटवर्कला लॉक असेल ही भीती आता सोडा, डिसेंबर २०२१ पासून इथे नेटवर्कना लॉक केलेला फोन विकायला बंदी आहे, त्यामुळे सुट्टीत गावी गेल्यावर तिकडचं सिम बिनधास्त चालतं. ड्युअल सिम मात्र बघूनच घ्या, एकीकडे इथला नंबर ई-सिमवर आणि दुसरीकडे भारतातला ओटीपीचा.

जुना फोन ट्रेड-इनला देताना नेटवर्कने सांगितलेला भाव आणि बाहेर विकला तर येणारा भाव दोन्ही बघा, नेटवर्कचा बहुतेक कमी निघतो. आईबाबांसाठी भारतात पाठवणार असाल तरी तो पुसायची घाई करू नका. भारतातल्या बऱ्याच बँकांची आणि यूपीआयची ॲप नव्या फोनवर चालू करताना त्या भारतीय सिममधूनच एक मेसेज जावा लागतो, आणि रोमिंगवर तो जायला बॅलन्स किंवा पॅक लागतो, नाहीतर व्हेरिफिकेशन गोल गोल फिरत बसतं. आधी रिचार्ज करा, नव्या फोनवर सगळी ॲप उघडून बघा, व्हॉट्सॲपचा बॅकअप आला का बघा, मग जुन्यातून अकाउंट काढून रिसेट मारा.