कुमार संघाची तयारी : आधी उंची मोजा, मग बाकीची यादी

पाऊस उघडून मैदानातला चिखल बसू लागला की कोल्हापुरात पेठापेठांतून फुटबॉलच्या कुमार संघांची जुळवाजुळव सुरू होते आणि प्रत्येक प्रशिक्षकाच्या वहीत दरवर्षीचीच यादी उतरते : बॉल, जर्सी, शिनगार्ड, प्रवेश शुल्क, गाडी. ती येथे पुन्हा लिहीत नाही. ज्याला या गोष्टींची आठवण करून द्यावी लागते, त्याने तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा संघ हाती घेऊ नये. बॉल स्पर्धेच्या नियमपत्रकात असेल त्याच नंबरचा घ्यावा, एवढे सांगून पुढे जातो.

यादीची पहिली ओळ उंचीची असावी. सरावाचा पहिला बॉल मैदानात पडण्यापूर्वी प्रत्येक मुलाची उंची मोजून, तारीख घालून लिहून ठेवावी आणि मग दर महिन्याला त्याच वहीत भर घालावी. गेल्या हंगामात नेमकी हीच ओळ माझ्याकडून राहिली आणि तिची किंमत मुलांच्या गुडघ्यांनी मोजली, म्हणून हे आधी आणि सविस्तर लिहितो आहे. मोजण्याची रीत ठरलेली हवी. मुलगा अनवाणी असावा, टाचा आणि पाठ भिंतीला टेकलेली असावी, नजर समोर असावी, डोक्यावर सुताराचा गुण्या काटकोनात टेकवून भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारावी आणि तेथून जमिनीपर्यंत टेपने मोजावे. वेळ शक्यतो सकाळचीच ठेवावी, कारण दिवसभराच्या धावपळीत मणका दबून संध्याकाळपर्यंत उंची सेंटीमीटरभर कमी भरू शकते. सकाळचे माप संध्याकाळच्या मापाशी ताडून पाहणाऱ्याला वाढ कधीच कळणार नाही. स्टुलावर बसवून बसलेली उंचीही घ्यावी, म्हणजे पाय वाढत आहेत की धड, हे समजते. सहसा पाय आधी लांबतात.

हा खटाटोप कशासाठी, असे विचारणारे सहकारी प्रत्येक तालमीत, म्हणजे पेठेच्या क्लबात, भेटतात. मुलांच्या उंचीची झेप साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत मोठी असते. त्या काळात वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटर उंची वाढते, हाडे पुढे जातात आणि स्नायू व कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) मागे राहतात. मांडीच्या पुढच्या स्नायूची कंडरा गुडघ्याच्या वाटीखाली जेथे हाडाला धरते, तेथील कूर्चा अजून कच्ची असते आणि प्रत्येक शॉटला, प्रत्येक उडीला तीच ओढली जाते. वाटीखाली बोटाने दाबून पाहावे. टणक उंचवटा लागला आणि मुलगा कळवळला, तर तो नाटक करतो आहे असे म्हणू नये. या दुखण्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात आणि त्यावर उपाय म्हणजे भार कमी करणे, ‘जोर लाव, सुटेल’ असे ओरडणे नव्हे. टाचेच्या दुखण्याचेही तसेच. माझा ठोकताळा असा की तीन महिन्यांत दोन सेंटीमीटर किंवा अधिक वाढ दिसली, तर त्या मुलाच्या उड्या, जोरदार शॉटचा सराव आणि स्प्रिंट कमी करून पास, ताबा आणि तोलाचे काम वाढवावे. दुखणे अंगावर काढू देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

उंचीची वही निवडीच्या दिवशीही समोर असावी. बारा-तेराव्या वर्षीच मिसरूड फुटलेला, खांद्याने सगळ्यांना बाजूला सारणारा मुलगा निवड चाचणीत उठून दिसतो आणि त्याच वयाचा, पण शरीराने दोन वर्षे मागे असलेला चलाख मुलगा बाहेर बसतो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, हेही विसरू नये. उलट, काल अचूक बॉल अडवणारा मुलगा अचानक अडखळू लागला, पास लांब जाऊ लागला, तर त्याला बाकावर बसवण्याआधी वही उघडावी : बहुतेक वेळा पाय नुकतेच लांबलेले असतात आणि ते अजून त्याच्या अंगवळणी पडलेले नसतात. अशा मुलाला सहा महिने सांभाळून घेतले नाही, तर तो फुटबॉल सोडतो.

कागदपत्रांना उशीर करू नये. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणीसाठी जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरचे नाव अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. एका कागदावर आडनाव आधी आणि दुसऱ्यावर शेवटी, एवढ्यावरून काम अडते आणि दुरुस्तीला लागणारे दिवस आपल्या हातात नसतात. वय चोरण्याच्या फंदात पडू नये आणि ‘फक्त एका वर्षाचा प्रश्न आहे, सर’ म्हणणाऱ्या पालकांना तेथल्या तेथे नाही म्हणावे. आपल्याकडे मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहतात आणि फिफा २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचे एमआरआय करते.

पालकांची बैठक एकच घ्यावी, पण हंगामाआधी घ्यावी. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे जाऊन २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, त्यामुळे प्रत्येक घरात आपल्या पोराचेही तसेच होईल अशी आशा असते. ती मोडू नये, पण वाढवूही नये. बैठकीत मुख्य प्रश्न असा विचारावा की मुलगा आणखी कोणकोणत्या संघांत खेळतो. शाळा, तालीम आणि खासगी अकादमी अशा तीन ठिकाणी रोज पळणारा मुलगा कोणत्याच प्रशिक्षकाला पूर्ण हकीकत सांगत नाही. आठवड्यातील सरावाचे आणि सामन्यांचे सगळे तास मिळून मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत, हा ढोबळ नियम पाळावा; आणि ज्याची उंची झेपावते आहे त्याच्यासाठी (पुन्हा तीच वही) ही मर्यादा आणखी खाली आणावी. दहावीची मुले असतील तर जानेवारीनंतर ती मिळणार नाहीत असे धरूनच संघ बांधावा.

सरावाच्या सुरुवातीला मैदानाला दोन फेऱ्या मारून हात-पाय ताणण्याची जुनी पद्धत सोडावी. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा, पंधरा व्यायामांचा क्रम फुकट उपलब्ध आहे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने दुखापती स्पष्टपणे कमी झाल्या. आठवड्यातून किमान दोनदा तो पूर्ण करावा. गुडघा आत न वळता उडीवरून कसे उतरायचे, हे त्यात शिकवले जाते आणि मुलींच्या संघाला त्याची गरज अधिक आहे, कारण गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा जास्त असतो. मुलींची उंचीची झेप बाराव्या वर्षाच्या सुमारासच येते, म्हणून त्यांची वही दोन वर्षे आधी सुरू करावी. दमल्याची तक्रार वारंवार आली तर रक्त तपासून घ्यावे. बऱ्याचदा लोह कमी निघते.

आहाराचे थोडक्यात : सरावाआधी केळे किंवा भाकरी, नंतर अंडी, उसळ, शेंगदाणे-गूळ, दूध. पावडरींचे डबे आणणाऱ्या दुकानदाराला मैदानात येऊ देऊ नये. झोप आठ ते दहा तास, आणि मोबाइल रात्री आईच्या ताब्यात.

हंगाम सुरू झाल्यावर सांगण्यासारखे थोडेच उरते. प्रत्येक मुलाला दर सामन्यात थोडा वेळ तरी खेळवावे आणि पंधरा वर्षांखालच्या मुलाला एकाच जागेला बांधून ठेवू नये. डोक्याला मार लागून मुलगा क्षणभरही गोंधळला, तर त्या दिवशी त्याला परत उतरवू नये, मग सामना अंतिम असो वा शाहू स्टेडियम भरलेले असो.

प्रवासाला बर्फाची पेटी, जादा मोजे, मूळ कागदपत्रे आणि त्यांच्या झेरॉक्स. बाहेरगावचे पाणी उकळून घ्यावे. सामन्यांच्या धांदलीत महिना उलटला तर मुक्कामाच्या खोलीतच सकाळी टेप काढून माप घ्यावे. भिंत कुठेही मिळते, गुण्या मात्र घरून न्यावा लागतो.