मशागतीआधी ट्रॅक्टर घेताय? ४२ की ५० एचपी, ते शेतात ठरवा

मशागतीचा हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरची चौकशी सुरू होते. लहान शेती असणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा दोन पर्यायांपाशी येऊन अडते. एक साधारण ४२ एचपीचा, फक्त मागच्या चाकांनी ओढणारा टू-व्हील ड्राइव्ह. दुसरा ५० एचपीचा, फोर-व्हील ड्राइव्ह. दहा एकरांच्या आसपास शेती असेल, तर माझं सांगणं असं की वरच्या आठ एचपीसाठी पैसे मोजू नका. पैसे मोजायचेच असतील तर पुढच्या चाकांच्या ओढीसाठी मोजा, तेही तुमची जमीन ती ओढ मागत असेल तरच.

आधी वेळेचा हिशेब करा. दीड मीटर रुंदीचा रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, ताशी ३ किलोमीटरने चालवला आणि वळणं, थांबे धरून ८० टक्के वेळ प्रत्यक्ष काम झालं, तर तासाला ०.३६ हेक्टर होतं. चार हेक्टरला, म्हणजे दहा एकरांना, अकरा तास लागतात. मोठ्या ट्रॅक्टरला १.८ मीटरचा रोटाव्हेटर लावला तर तेच काम सव्वानऊ तासांत उरकतं. एका पाळीमागे पावणेदोन तास वाचतात. भाड्याने दुसऱ्यांची कामं करायची असतील तर हा फरक मोठा आहे. फक्त स्वतःचं रान करायचं असेल तर नाही.

बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो. पीटीओपर्यंत, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टपर्यंत, त्यातला साधारण ८५ ते ९० टक्के पोचतो, म्हणजे ४२ एचपीच्या ट्रॅक्टरला ३६ ते ३८ मिळतात. रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, मळणी यंत्र ही सगळी पीटीओवर चालतात, म्हणून दोन्ही ट्रॅक्टरांचा पीटीओ एचपी मागून घ्या आणि आपल्या अवजाराच्या पुस्तिकेतल्या गरजेशी ताडून पाहा. नांगरटीत तर त्याहून कमी ताकद कामी येते. भुसभुशीत रानात चाकं घसरतात आणि इंजिनाची निम्मी ताकदही नांगरापर्यंत पोचेलच असं नाही.

म्हणून घसरण मोजायला शिका, यासारखी दुसरी परीक्षा नाही. ट्रायलला ट्रॅक्टर शोरूमच्या अंगणात फिरवू नका, आपल्या शेतात आणायला सांगा आणि आपलाच नांगर जोडा. मागच्या टायरवर खडूने खूण करा. नांगर लागलेला असताना चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि सुरुवातीला व शेवटी खुंटी ठोका. मग नांगर उचलून तेवढ्याच अंतरात चाकाचे किती फेरे होतात ते मोजा. साडेआठ भरले तर घसरण १५ टक्के. टू-व्हीलला १० ते १५ टक्के घसरण चालते. त्याच्या वर गेली तर डिझेल आणि टायर दोन्ही मातीत जातात. अशा वेळी आधी मागच्या चाकांवर वजनं चढवून किंवा टायरमध्ये पाणी भरून पुन्हा मोजा. तरीही घसरण उतरत नसेल, तर तुमच्या रानाला फोर-व्हील हवा. चिखलणी, उताराची जमीन किंवा पुढे लोडर लावायचा असेल तर मोजणीचीही गरज नाही, फोर-व्हीलच घ्या. मग तो ५० ऐवजी ४२ एचपीचा मिळाला तरी चालेल.

फोर-व्हीलचेही त्रास आहेत. तो वळायला जास्त जागा घेतो, त्यामुळे अरुंद बांध आणि बागेच्या ओळी आधी टेपने मोजा. पक्क्या रस्त्यावर पुढची चाल बंद ठेवावी लागते, नाहीतर पुढचे टायर लवकर झिजतात. टायर बदलताना पुढच्या-मागच्या मापांचं प्रमाण कंपनीने दिलं आहे तेच ठेवावं लागतं.

क्लचकडे फार जण पाहत नाहीत, पण रोजच्या कामात तो जाणवतो. सिंगल क्लचमध्ये पाय दाबला की ट्रॅक्टरबरोबर पीटीओही थांबतो. दाट गवतात किंवा ओल्या काडात अवजार अडलं, तर ट्रॅक्टर थांबवून पीटीओ फिरता ठेवता यायला हवा. त्यासाठी ड्युअल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ घ्या. दोन्ही ट्रॅक्टरांत बाकी सगळं सारखं असेल, तर मी याच गोष्टीवर निवड करेन. फवारणी जास्त असेल तर ५४० इकॉनॉमी पीटीओ आहे का तेही विचारा. इंजिनाचे फेरे कमी ठेवून पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे मिळतात आणि हलक्या कामात डिझेल वाचतं.

लिफ्टची, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेची, क्षमता विचारताना ती कुठे मोजली हेही विचारा. खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेला आकडा मोठा दिसतो, पण अवजाराचं वजन त्याच्या बरंच मागे पडतं. म्हणून टोकापासून ६१० मिलिमीटर मागे किती उचलतो, ते कामाचं. अवजार पूर्ण उचलल्यावर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. नाहीतर स्टिअरिंग फिरतं, पण ट्रॅक्टर वळत नाही. अशी गाडी बांधावर किंवा उतारावर नेऊ नका, पुढे वजनं लावा.

उलटला तर चालकाला वाचवणारी संरक्षक चौकट आणि सीट बेल्ट दोन्ही हवेतच. चौकट नसलेला ट्रॅक्टर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. फिल्टर, बेल्ट, क्लच प्लेट जवळ मिळतात का आणि हंगामात मेकॅनिक शेतावर येतो का, हे त्याच कंपनीचा ट्रॅक्टर वापरणाऱ्या शेजाऱ्याला विचारा.

खरेदी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस बहुधा ५० तासांच्या आसपास असते, नेमके तास पुस्तिकेत पाहा. तोवर त्याला सलग पूर्ण भार देऊ नये आणि नुसता चालू ठेवून उभाही करू नये. ते तास ट्रॉली, फवारणी, हलकी वखरणी यांत जाऊ द्या. सर्व्हिसमध्ये ऑइल, फिल्टर बदलून, नट-बोल्ट आवळून घ्या आणि मगच खोल नांगरटीला जुंपा.