मराठी संकेतस्थळाची स्वयंचलित चाचणी निरनिराळ्या ब्राउझरांवर कशी करावी

संकेतस्थळ कोणकोणत्या ब्राउझरवर तपासायचे याची यादी करायला बसले की क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, फायरफॉक्स, सफारी अशी ती लांबत जाते आणि काम आवाक्याबाहेरचे वाटू लागते. प्रत्यक्षात पान उभे करण्याचे काम ब्राउझरच्या आतले इंजिन करते आणि आज सर्रास वापरात असलेली इंजिने तीनच आहेत. २०१३ मध्ये गूगलने वेबकिटपासून वेगळे काढलेले ब्लिंक हे क्रोम, ऑपेरा, ब्रेव्ह आणि २०२० पासून एज यांच्या पोटात आहे. फायरफॉक्सचे इंजिन गेको आणि सफारीचे वेबकिट. भारतातल्या आयफोनवर क्रोम उघडला तरी आत वेबकिटच चालते. त्यामुळे चाचणीची आखणी इंजिनांनुसार करावी, आणि एजवर वेगळी फेरी चालवण्यात जाणारा वेळ वेबकिटला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्राउझर आपोआप चालवून चाचणी घेणाऱ्या साधनांपैकी सेलेनियम २००४ पासून आहे, त्याच्यातून घडलेला वेबड्रायव्हर, म्हणजे ब्राउझरला आदेश देण्याची ठरलेली पद्धत, २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे अधिकृत मानक झाला, आणि मॅक हाताशी असेल तर त्यातून खरी सफारी चालवता येते. तुमच्याकडे सेलेनियमच्या चाचण्या आधीच लिहिलेल्या असतील तर त्या टाकून देण्याचे कारण नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट घ्यावे, कारण ते तिन्ही इंजिने स्वतःबरोबर आणते आणि विंडोज किंवा लिनक्सच्या संगणकावरही वेबकिट चालवून दाखवते.

नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) बसवलेल्या संगणकावर प्लेराइटचा आरंभीचा आदेश दिला की तो भाषा, चाचण्यांचा फोल्डर अशा मोजक्या गोष्टी विचारतो, ब्राउझर उतरवून घेतो आणि एक कॉन्फिग, म्हणजे मांडणीच्या नोंदींची, फाइल तयार करतो. या फाइलमधल्या प्रोजेक्ट्सच्या यादीत क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट आधीच असतात. तिथे लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेश, मराठी-भारत आणि टाइमझोन आशिया-कोलकाता असा स्वतः लिहून ठेवावा. चाचण्या चालवणाऱ्या सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असते, म्हणून ही नोंद राहून गेली तर १५ तारखेला पहाटे चार वाजता भरलेला अर्ज चाचणीत १४ तारखेचा दिसतो, आणि चूक नसलेल्या ठिकाणी ती शोधण्यात अर्धा दिवस जातो.

पहिली चाचणी मुखपृष्ठाची लिहू नये; ज्या वाटेने वाचक काही काम पुरे करतो ती वाट घ्यावी. ग्रंथालयाचा सभासद-अर्ज घेऊ: नाव, जन्मतारीख, तालुका भरणे, ‘सभासद व्हा’ हे बटण दाबणे आणि पोच क्रमांक दिसतो का ते पाहणे. पानावरचा घटक शोधताना सीएसएस क्लासच्या, म्हणजे सजावटीसाठी दिलेल्या नावाच्या, आधारे शोधू नये, कारण सजावट बदलली की चाचणी मोडते. घटकाची भूमिका (बटण, रकाना वगैरे) आणि त्याचे लेबल यांच्या आधारे शोधावा. लेबलावरून ‘जन्मतारीख’ हा रकाना सापडत नसेल तर तो स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकालाही सापडत नसतो, तेव्हा दुरुस्ती अर्जात करावी. बटण दिसेपर्यंत आणि दाबण्याजोगे होईपर्यंत प्लेराइट स्वतःच थांबते, म्हणून ‘तीन सेकंद थांब’ अशा ओळी लिहू नयेत.

मराठी मजकुराची तुलना करताना विशेष काळजी लागते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ कोणी ऱ हे एकच अक्षर घेऊन, कोणी र आणि नुक्ता जोडून, तर कोणी र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य जोडचिन्ह घालून टाइप करतो. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ते तीन वेगळे शब्द असतात. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात आणले की एक होतात. तिसरा होत नाही, त्याचे रूपांतर स्वतः करावे लागते. अर्ज साठवताना हे केलेले आहे का, याचीच एक चाचणी लिहावी. प्लेराइट रकान्यात मजकूर थेट भरते, त्यामुळे फोनेटिक कळफलकाने अक्षर जुळत असताना होणारे घोटाळे त्याच्या नजरेस पडत नाहीत आणि ते हातानेच तपासावे लागतात.

पानाच्या चित्रांची (स्क्रीनशॉटची) आधी जपलेल्या नमुन्याशी तुलना करायची असेल तर आधी सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बसवावा. तो नसेल तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात आणि तेच चित्र नमुना म्हणून जपले जाते. नमुने प्रत्येक इंजिनासाठी आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी वेगळे असतात, त्यामुळे ते ज्या यंत्रावर रोजची फेरी चालते तिथेच काढावेत. मी चित्रे थोडीच ठेवतो, आणि वेलांटी किंवा रफार वरून कापला जाण्याची भीती असते त्या मथळ्यांची नक्की ठेवतो.

प्लेराइटमधले वेबकिट नवे असते, हे मी एका अर्जाच्या वेळी ध्यानात घेतले नव्हते. तिन्ही इंजिनांवर चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या, तरीही जुन्या आयफोनवर बटण दाबून काहीच घडत नव्हते. नाव तपासणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुराचा साचा सांगणाऱ्या ओळीत, मी लुकबिहाइंड (आधी कोणते अक्षर आहे ते पाहणारी खूण) वापरले होते. सफारीला ते २०२३ मधल्या १६.४ या आवृत्तीपासूनच समजते, आणि त्याआधीच्या आवृत्त्या अशी ओळ दिसताच अख्खी स्क्रिप्ट नाकारतात. त्या काळात किती जण अर्ज न भरताच परत गेले असतील, याची हळहळ अजून वाटते. जुन्या आवृत्त्यांसाठी खरे फोन भाड्याने देणाऱ्या सेवा आहेत. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेली ब्राउझरस्टॅक ही त्यांतलीच एक.

रोजच्या क्रमात मी प्रत्येक बदलानंतर चार-पाच महत्त्वाच्या वाटा तिन्ही इंजिनांवर चालवतो आणि सगळा संच रात्री. पहिल्यांदा पडून पुन्हा चालवल्यावर पास होणाऱ्या चाचणीला अहवालात ‘फ्लेकी’ (बेभरवशाची) असा शिक्का बसतो. तिच्याकडे काणाडोळा करू नये. पुन्हा चालवताना ट्रेस, म्हणजे चाचणीच्या पावलांची नोंद, नोंदवला जाईल अशी सोय कॉन्फिगमध्ये ठेवली, तर प्रत्येक पावलाचे पान सकाळी उघडून पाहता येते आणि सर्व्हरकडून उत्तर येण्याआधीच अर्ज पुढे सरकला होता का, हे तिथे दिसते. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी संच हिरवा असला तरी एक जुना आयफोन हातात घेऊन तोच अर्ज मराठी कळफलकाने स्वतः भरावा.