खुर्च्या मागवण्याआधी माणसं मोजा

ऑफिसच्या खुर्च्या निवडायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा मी शोरूममध्ये प्रत्येक खुर्चीवर दोन-दोन मिनिटं बसले आणि जी अंगाला बरी वाटली तिचे ४० नग मागवले. अंग माझं, उंची माझी. चौथ्या दिवशी अकाउंट्समधल्या एकीच्या टेबलाखाली वाकून बघितलं, तर बाईंचे पाय कागदाच्या दोन रिमांवर! तक्रार एका शब्दाची नाही. खुर्चीबद्दल कुणी बोलतच नाही. लोक पाठीमागे उशी लावतात, नाहीतर पुढे सरकून काठावर बसतात.

चूक एकट्या खुर्चीची नव्हतीच. आमची टेबलं ७५ सेंटिमीटरची, वर-खाली न होणारी. हात कीबोर्डवर नीट यावेत म्हणून तिने खुर्ची वर केली आणि पाय अधांतरी राहिले. एक रीम साधारण ५ सेंटिमीटर जाड, म्हणजे माझा हिशेब १० सेंटिमीटरने चुकला होता. तिला हवा होता एक पायटेकू, तो मी मागवलाच नव्हता.

म्हणून आता कोटेशन मागवायच्या आधी मी टेप घेऊन फिरते. लोक हसतात, हसू द्या. सगळ्यांना मोजायची गरज नाही; सगळ्यात बुटकं, सगळ्यात उंच आणि सगळ्यात वजनदार माणूस पुरे. पहिलं माप जमिनीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत, बूट-चपला घालून. खुर्ची अगदी खाली केली की बैठक बुटक्या माणसाच्या या मापापर्यंत उतरली पाहिजे. उतरत नसेल तर कमी उंचीचा गॅस सिलिंडर, म्हणजे खुर्ची वर-खाली करणारा बैठकीखालचा दांडा, मिळतो का ते विचारायचं. बऱ्याच मॉडेलना मिळतो, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

दुसरं माप बैठक पाठीपासून पुढच्या कडेपर्यंत किती खोल आहे त्याचं, आणि सगळा घोळ इथेच असतो. पाठ पूर्ण मागे टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची लवण यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. बैठक जास्त खोल असली की कड पोटरीला रुतते, माणूस पुढे सरकतो आणि कमरेच्या आधारासाठी मोजलेले पैसे त्याच्या मागे हवेत राहतात. तेव्हा बैठक पुढे-मागे सरकणारी घ्या. इतर दोन सोयी सोडाव्या लागल्या तरी चालेल. १९९४ साली आलेली हर्मन मिलर कंपनीची एरॉन खुर्ची तर तीन मापांत निघाली, चपलांसारखी. मला ते पटतं.

कमरेचा आधार वर-खाली होणारा हवा, कारण प्रत्येकाच्या कमरेचा बाक एकाच जागी नसतो. काटकोनात ताठ बसायचा शाळेतला धडा इथे विसरायचा. पाठ १०० ते ११० अंशांत रेलली की वरच्या अंगाचा काही भार खुर्ची घेते आणि मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब कमी होतो. रेलताना पाठीबरोबर बैठकही थोडी कलणारी यंत्रणा असते, तिला सिंक्रो टिल्ट म्हणतात. तपासायची माझी रीत सोपी: इन केलेल्या शर्टात मागे रेलायचं. शर्ट वर ओढला जाऊन बाहेर आला, तर खुर्चीची पाठ तुमच्या पाठीबरोबर चालत नाहीये.

खुर्चीचे हात टेबलाखाली जातात का ते बघा, नाहीतर खुर्ची कायम टेबलापासून लांब राहते. चाकं गालिच्यावर कडक, फरशीवर मऊ. डोक्याच्या टेक्यावर मी वेळ घालवत नाही.

सर्टिफिकेट जरूर मागा, पण ते कशाचं आहे हेही वाचा. बिफ्मा एक्स ५.१ हे ऑफिसच्या खुर्च्यांचं अमेरिकी मानक मजबुती आणि टिकाऊपणा तपासतं. खुर्ची कुणाच्या अंगाला बसेल हे ते सांगत नाही. मापांसाठी युरोपचं मानक ईएन १३३५ बघा, त्याचा पहिला भाग मापांचाच आहे. नुसत्या ‘एर्गोनॉमिक’ या शब्दाला काही अर्थ नाही, तो कुणीही छापतं.

मग दोन सँपल आठवडाभर मागवा आणि टेप लावलेल्या त्या तिघांनाच बसवा. सकाळी विचारू नका, सगळे ‘मस्त’ म्हणतात. दुपारी चारनंतर विचारा, आणि ‘कशी आहे?’ असं नको, ‘कुठे दुखतंय?’ असं.

खुर्च्या आल्यावर प्रत्येकाजवळ दहा मिनिटं थांबायचं. आधी उंची, मग बैठकीची खोली, मग कंबर, मग हात, शेवटी टिल्टचा ताण, म्हणजे मागे रेलायला किती जोर लागतो तो. या ताणाचा नॉब बैठकीखाली असतो आणि तो फिरतो हेच कुणाला माहीत नसतं. आमच्याकडे एक सडपातळ मुलगा ‘माझ्या खुर्चीची पाठ जाम आहे’ म्हणायचा. मी खाली हात घालून नॉब सैल करत गेले; अकराव्या वेढ्याला तो अचानक मागे गेला आणि दचकून त्याने टेबल धरलं. ती खुर्ची येऊन तेव्हा सात महिने झाले होते.